अपडेटमध्ये नक्की काय बदललं? चेंज लॉगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध संस्थांच्या संकलनाच्या सॉफ्टवेअरचा चेंज लॉग मी गेली काही वर्षं लिहितोय. पहाटे काट्यावर दूध येतं, फॅट मशीनचं रीडिंग येतं, पावती निघते, दहा दिवसांनी बिल होतं, आणि या सगळ्यात आम्ही कुठे हात लावला की ते लोकांना कळेल असं लिहून ठेवायचं. प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे असतात: सॉफ्टवेअर बनवणारे, सर्व्हर आणि कॉम्प्युटर सांभाळणारे, आणि ज्यांच्या समोर अपडेटनंतर स्क्रीन वेगळी दिसते ते. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून इथे एकत्र केलेत. आधी साधे आहेत, पुढे किचकट होत जातात.

१. चेंज लॉग म्हणजे काय? रिलीज नोट्स म्हणजे तेच ना?

चेंज लॉग म्हणजे प्रत्येक व्हर्जनमध्ये काय बदललं याची तारीखवार यादी, नवीन वर, जुनं खाली. रिलीज नोट्स म्हणजे एका व्हर्जनबद्दल जरा सविस्तर सांगणं. बरेच जण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि त्यात बिघडत काही नाही, फक्त कोणासाठी लिहितोय ते डोक्यात स्पष्ट पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जीएनयू प्रकल्पाने हा फरक फार आधीपासून फाइलच्या नावातच ठेवलाय, 'न्यूज' नावाची फाइल वापरणाऱ्यांसाठी आणि 'चेंजलॉग' नावाची फाइल कोडवर काम करणाऱ्यांसाठी. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतही 'व्हॉट्स न्यू' हे वाचण्यासारखं पान वेगळं आणि बारीकसारीक बदलांची लांबलचक यादी वेगळी. या पानावर मी 'चेंज लॉग' म्हणतोय तो वापरणाऱ्यांचा आणि सांभाळणाऱ्यांचा.

२. आमच्याकडे गिटमध्ये सगळे कमिट आहेत, मग परत वेगळं कशाला लिहायचं?

कारण कमिट, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली एका बदलाची नोंद, हा डेव्हलपरने डेव्हलपरला दिलेला निरोप असतो. 'नल चेक टाकला', 'रिव्ह्यूप्रमाणे बदल', 'परत एकदा' असले पन्नास कमिट मिळून यूजरच्या बाजूने एकच बदल होतो, आणि कधी उलटं, एका ओळीच्या कमिटने हजार सभासदांच्या बिलाचा आकडा बदलतो. गिटला या दोन्हींतला फरक कळत नाही, तो माणसालाच करावा लागतो.

कन्व्हेन्शनल कमिट्सची पद्धत वापरून, म्हणजे कमिटच्या सुरुवातीला 'फीट' (नवीन सोय), 'फिक्स' (दुरुस्ती) असं ठरावीक लिहून, त्यावरून लॉग आपोआप तयार करता येतो. कच्चा माल म्हणून ते चांगलंच आहे, पण तसाच लोकांसमोर ठेवू नका, एकदा माणसाच्या हाताखालून जाऊ दे.

३. एक नोंद लिहायची कशी? काही ठरलेला साचा आहे का?

साचा म्हणाल तर माझ्याकडे चार गोष्टी असतात: बदल कुठे दिसेल, आधी काय होत होतं, आता काय होतं, आणि वाचणाऱ्याला काही करायचंय का. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहते आणि लोकांचे फोन नेमके त्याच्यासाठी येतात.

उदाहरण देतो. आमच्याकडे आधी नोंद अशी असायची: 'बिल मॉड्यूलमधला राउंडिंग इश्यू सॉल्व्ह केला.' आता तीच अशी लिहिली जाईल:

'दहा दिवसांच्या बिलात आता प्रत्येक पावतीची रक्कम पैशांपर्यंत धरली जाते आणि पूर्ण रुपया फक्त शेवटच्या बेरजेला केला जातो. आधी प्रत्येक पावतीलाच पूर्ण रुपया होत होता. दोन वेळचं दूध घालणाऱ्याच्या २० पावत्या होतात, त्यामुळे एका बिलात वर किंवा खाली जास्तीत जास्त १० रुपयांपर्यंत फरक दिसू शकतो. १ तारखेपासूनच्या पावत्यांना लागू, झालेली बिलं बदलत नाहीत. तुम्हाला काही करायचं नाही.'

लांब झाली, मान्य आहे. पण सकाळी सहा वाजता खिडकीपाशी रांग असताना कोणी विचारलं की माझं बिल चार रुपयांनी कमी का आलं, तर सचिवाला ही नोंद जशीच्या तशी वाचून दाखवता येते. मी प्रत्येक नोंद लिहिल्यावर हेच बघतो, की ही त्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या कामाची आहे का.

आणि हो, स्क्रीनवर बटणाचं जे नाव आहे तेच नोंदीत वापरा. स्क्रीनवर 'दरपत्रक' आणि लॉगमध्ये 'रेट मास्टर' असलं की अर्धे लोक तिथेच थांबतात.

४. नोंदींचे गट कोणते करायचे?

'कीप अ चेंजलॉग' नावाची एक प्रसिद्ध पद्धत आहे, त्यात सहा गट आहेत. मराठीत आम्ही ते असे घेतले: नवीन, बदललं, लवकरच बंद होणार, काढून टाकलं, दुरुस्त केलं, सुरक्षा. ज्या गटात काही नाही तो गट लिहूच नका, रिकामी शीर्षकं बघून वाचणारा कंटाळतो.

या सहांच्या वर आम्ही सातवा जोडलाय, 'अपडेट करण्याआधी वाचा'. बॅकअप घ्या, संध्याकाळचं संकलन संपल्यावरच अपडेट करा, फॅट मशीनची वायर काढून ठेवा, असलं जे काही ते तिथे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या मोठ्या व्हर्जनच्या नोट्समध्येही सुरुवातीलाच मायग्रेशनचा, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जाण्याचा, भाग असतो आणि जुन्याशी न जुळणारे बदल तिथे एकत्र दिलेले असतात, तिथूनच ही सवय उचललीय.

५. यूजर आणि अॅडमिन, दोघांसाठी एकच लॉग की दोन?

छोटं सॉफ्टवेअर असेल तर एकच, पण अॅडमिनच्या नोंदींना वेगळी खूण करा. आमच्याकडे 'संस्थेसाठी' आणि 'सर्व्हरसाठी' असे दोन भाग एकाच पानावर आहेत. संस्थेच्या क्लार्कला डेटाबेसचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) बदलला याच्याशी काही घेणंदेणं नाही, आणि संघाच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्याला पावतीवर लोगो मोठा झाला हे कळून उपयोग नाही. पण तो पोर्ट बदलल्याचं त्याला कळलं नाही तर फायरवॉल अडवणार आणि सकाळी तालुक्यातल्या एकाही संस्थेचा डेटा वर जाणार नाही.

अॅडमिनला साधारण एवढं पाहिजे असतं: डेटाबेसच्या रचनेत बदल आहे का, अपडेटला किती वेळ बंद ठेवावं लागेल, कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये नवीन काय आलं किंवा गेलं, कोणता पोर्ट किंवा परवानगी लागते, आणि मागे जाता येतं का. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. एकदा डेटाबेस नव्या रचनेत गेला की जुनं व्हर्जन परत टाकून चालत नाही, हे अपडेटच्या आधी कळलं पाहिजे, नंतर कळून उपयोग नाही.

६. व्हर्जन नंबर आणि तारीख कशी लिहायची?

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, २०२५-०४-०३. हे आयएसओ ८६०१ चं मानक आहे. ०३/०४ लिहिलं की आपण ३ एप्रिल वाचतो आणि अमेरिकन पद्धतीचं सेटिंग असलेला कॉम्प्युटर ४ मार्च. शिवाय या पद्धतीने फाइलींची नावं आपोआप क्रमाने लागतात.

नंबरासाठी सिमँटिक व्हर्जनिंग बरं पडतं, तीन आकडे असतात. पहिला वाढला म्हणजे जुन्याशी न जुळणारा बदल आहे, दुसरा वाढला म्हणजे नवीन सोय आली पण जुनं चालू आहे, तिसरा वाढला म्हणजे फक्त दुरुस्ती. पहिला आकडा शून्य असेल तर काहीही कधीही बदलू शकतं असं धरायचं. सगळे हा नियम पाळत नाहीत हे लक्षात ठेवा. पोस्टग्रेएसक्यूएल २०१७ च्या १० नंबरच्या व्हर्जनपासून दोनच आकडे वापरतं आणि तिथे १४ वरून १५ हीच मोठी उडी असते.

७. नियम लागू होण्याची तारीख आणि अपडेटची तारीख वेगळी असेल तर?

दोन्ही लिहा, आणि कोणती कशाची ते शब्दात सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तुपाचा १२ टक्क्यांवरून ५ झाला, पॅक पनीरचा ५ वरून शून्य. ज्या संस्था काउंटरवर तूप-पनीर विकतात त्यांनी अपडेट आधी घेतलं तरी जुन्या तारखेच्या बिलाला जुनाच दर लागला पाहिजे आणि उशिरा घेतलं तर मधल्या दिवसांच्या बिलांचं काय करायचं हे कळलं पाहिजे. अशा नोंदीत तीन वाक्यं हवीतच: कोणत्या बिल तारखेपासून लागू, आधीच्या बिलांना काय, आणि उशीर झाला तर काय.

८. नोंद लिहायची कधी आणि कोणी?

बदल केला त्याच दिवशी, ज्याने केला त्याने. लॉगच्या सगळ्यात वर 'अजून रिलीज न झालेलं' असा भाग ठेवा आणि तिथे टाकत जा, रिलीजच्या दिवशी त्यावर नंबर आणि तारीख चढवली की झालं. रिलीजच्या आदल्या रात्री बसून दोन महिन्यांचं आठवायला गेलात तर हमखास महत्त्वाचं तेच राहतं.

टीम मोठी असेल तर सगळे एकाच फाइलमध्ये वरच्याच ओळी बदलतात आणि मर्ज करताना, म्हणजे सगळ्यांचे बदल एकत्र जोडताना, रोज भांडण होतं. त्याला उपाय म्हणजे प्रत्येक नोंद छोट्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची आणि रिलीजला सगळ्या जोडायच्या. पायथनवाले त्यासाठी 'ब्लर्ब' वापरतात, इतर बऱ्याच प्रकल्पांत 'टाउनक्रायर' आहे.

शेवटचा हात मात्र एकाच माणसाचा असू द्या, म्हणजे भाषा एकसारखी राहते. आमच्याकडे तो माणूस सपोर्टचे फोन घेणाराच आहे, कारण लोक कुठे अडतात ते त्याला माहीत असतं.

९. 'किरकोळ सुधारणा व बग दुरुस्त्या' एवढंच लिहिलं तर चालेल का?

मला ते अजिबात पटत नाही. खरंच किरकोळ असेल तर एका ओळीत काय ते सांगता येतंच ना, 'मराठी नावातला जोडाक्षराचा प्रिंट आता तुटत नाही.' ज्याची पावती महिनाभर तुटकी येत होती त्याला हे वाचून बरं वाटतं आणि तो अपडेट करतो.

अॅपबद्दल लोक म्हणतात की प्ले स्टोअरवर जागाच नसते. तिथे एका भाषेला ५०० अक्षरांची मर्यादा आहे हे खरं, पण ५०० अक्षरांत तीन-चार चांगल्या नोंदी बसतात. उरलेलं अॅपमध्येच 'काय नवीन' असं पान करून तिथे द्या.

१०. एखादं डिफॉल्ट सेटिंग बदललं तर ते कुठे लिहायचं? तसं नवीन काहीच नाही त्यात.

सगळ्यात वर लिहायचं! माझ्या मते अॅडमिनला जितका त्रास डिफॉल्ट बदलल्याने होतो तितका दुसऱ्या कशानेच होत नाही, कारण त्याने स्वतः काहीही बदललेलं नसतं आणि तरी काल चालणारं आज चालत नाही.

मायएसक्यूएल या डेटाबेसचं ८.० घ्या, एप्रिल २०१८ मध्ये ते सगळ्यांसाठी आलं तेव्हा पासवर्ड तपासायची डिफॉल्ट पद्धत बदलून 'कॅशिंग शा टू' झाली. सर्व्हर नवा आणि त्याला जोडणारं पीएचपीचं किंवा इतर ड्रायव्हर जुनं अशी जोडी जिथे होती तिथे पासवर्ड बरोबर असूनही कनेक्शन होईना, आणि लोक पासवर्डच बदलत बसले. नोट्समध्ये ते लिहिलेलं होतं, पण घाईत अपग्रेड करणाऱ्याने ते वाचलेलं नसायचं. पोस्टग्रेएसक्यूएल १५ मध्ये, २०२२ साली, नव्या डेटाबेसमध्ये 'पब्लिक' स्कीमात (टेबलं ठेवायच्या सामाईक कप्प्यात) कोणीही टेबल तयार करू शकायचं ते बंद झालं. सुरक्षेच्या दृष्टीने बदल उत्तमच, पण जुनी इन्स्टॉल स्क्रिप्ट तिथे अडते.

चांगलं कसं करायचं ते ओपनएसएसएचकडून, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे आत जायचं जे साधन आहे त्याच्याकडून, शिकावं. शा-वन ही जुनी, कमकुवत झालेली पद्धत वापरणाऱ्या आरएसए सह्या (ओळख पटवायच्या डिजिटल सह्या) ते बंद करणार हे त्यांनी फेब्रुवारी २०२० च्या ८.२ च्या नोट्समध्येच सांगून ठेवलं होतं, प्रत्यक्ष बंद केल्या सप्टेंबर २०२१ च्या ८.८ मध्ये. आणि त्या नोट्समध्ये न जुळू शकणाऱ्या बदलांचा वेगळा भाग, कोणाला त्रास होईल आणि कोणाला नाही याचा खुलासा, आणि एखादं जुनं यंत्र अजून बदलता येत नसेल तर तेवढ्यापुरतं चालू ठेवायला कॉन्फिगच्या ओळीसुद्धा दिल्यात. जुनं डिफॉल्ट, नवीन डिफॉल्ट, कारण, आणि जुन्यावर परत जायची वाट, एवढं नोंदीत आलं की अॅडमिनला शोधत बसावं लागत नाही.

११. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हिशोब चुकत होता. तो दुरुस्त केला, पण तसं लिहिलं तर लोक भडकतील. गुपचूप केलं तर?

करू नका. आमचाच अनुभव सांगतो. एसएनएफचा (दुधातल्या फॅट सोडून बाकी घन भागाचा) दुसरा दशांश आमच्याकडे नुसता कापला जात होता, ८.४८ आलं तर ८.४ धरायचं, खरं तर ८.५ धरायला पाहिजे होतं. एक दशांश म्हणजे दरपत्रकात पुढचा रकाना, म्हणजे लिटरमागे पैशांचा फरक. आम्ही ते नीट केलं आणि लॉगमध्ये लिहिलं 'एसएनएफ राउंडिंग सुधारलं', बस. दुसऱ्याच दिवशी एका गावात लोकांनी विचारलं की गाय तीच, चारा तोच, मग एसएनएफ एका रात्रीत कसा वाढला, आणि वाढला तर आधीच्या महिन्यांचं काय? सचिवाकडे उत्तर नव्हतं. तो बिचारा पंधरा वर्षं तिथे काम करतोय, त्याच्यावर संशय घेतला गेला, आणि चूक आमची होती. ते मला अजून बोचतं.

पुढच्या व्हर्जनमध्ये आम्ही सगळं लिहिलं: कोणत्या व्हर्जनपासून कोणत्या व्हर्जनपर्यंत चूक होती, कोणत्या पावत्यांवर परिणाम झाला, फरक किती येऊ शकतो, आणि फरकाची यादी काढायला एक रिपोर्ट दिला. लोक चिडले, पण प्रश्न आम्हाला विचारले, सचिवाला नाही.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, की चूक दुरुस्त झाली म्हणजे आधीचा बिघडलेला डेटा आपोआप नीट होत नाही. जून २०२२ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल १४.४ नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर आलं, कारण चालू डेटाबेसवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) तयार करताना तो इंडेक्स बिघडू शकत होता. त्यांनी नुसतं दुरुस्त केलं म्हणून सोडलं नाही, बिघडलेले इंडेक्स कसे शोधायचे आणि परत कसे बांधायचे तेही सांगितलं. हिशोबाच्या चुकीलाही हीच पद्धत लावा.

१२. सुरक्षेची भोकं बुजवली तर किती उघड करायचं? वाईट लोकही वाचतातच ना.

वाचतात, पण ते जुनी आणि नवी फाइल ताडून बघूनही शोधू शकतात. लपवल्याने फक्त अॅडमिनचं नुकसान होतं, त्याला घाई करायचीय हेच कळत नाही. सांगा की कोणत्या व्हर्जनमध्ये त्रुटी होती, कोणत्यात गेली, किती गंभीर आहे, सीव्हीई नंबर (त्रुटीला मिळालेला जाहीर क्रमांक) असेल तर तो, आणि लगेच अपडेट जमत नसेल तर तोवर काय करायचं. हल्ला नेमका कसा करायचा याची कृती मात्र देऊ नका.

डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचं (इतरांनी वापरायच्या तयार कोडचं) प्रकरण आठवा, सीव्हीई-२०२१-४४२२८. २.१५.० मध्ये दुरुस्ती आली, मग ती अपुरी म्हणून २.१६.०, मग आणखी एका त्रुटीसाठी २.१७.०, आणि वर्ष संपायच्या आत २.१७.१. सुट्ट्यांच्या दिवसांत अॅडमिन लोक एकच प्रश्न विचारत होते, मी जिथे थांबलोय ते पुरेसं आहे का? त्याचं उत्तर कोणती त्रुटी कोणत्या नंबरात गेली याच्या नीट यादीतूनच मिळत होतं.

१३. रिलीज दिलं, गडबड निघाली, परत मागे घेतलं. लॉगमधून ती नोंद उडवू का?

नाही, कारण काही जणांनी ते टाकलेलं असतं आणि ते नंबर शोधत येणार. नोंद तशीच ठेवून नंबरापुढे 'मागे घेतलं' आणि एका ओळीत कारण लिहा. आणि दुरुस्त केलेल्याला नवीन नंबर द्या, त्याच नंबराने दुसरी फाइल कधीही देऊ नका, नाहीतर दोन संस्थांत ५.३.१ असेल आणि वागणं वेगळं.

१४. जुनी नोंद चुकीची लिहिली गेली, दुरुस्त करता येईल?

हो. शुद्धलेखन गुपचूप नीट करा. पण अर्थ बदलत असेल तर खाली तारीख टाकून 'दुरुस्ती' म्हणून लिहा, कारण कोणीतरी आधीचं वाचून निर्णय घेतलेला असू शकतो. राहून गेलेली मोठी नोंद तर जुन्या जागी टाकाच आणि पुढच्या व्हर्जनच्या वरच्या भागातही सांगा, मागे जाऊन कोणी वाचत नाही.

१५. एखादी सोय बंद करायचीय. आधी किती दिवस सांगायचं?

ठरलेला आकडा नाही, वापरणाऱ्याच्या कामाचं चक्र बघा. पायथनने 'डिस्टयूटिल्स' हे पॅकेज बनवायचं साधन बंद होणार हे ३.१० मध्ये जाहीर केलं आणि काढलं ३.१२ मध्ये, ऑक्टोबर २०२३ ला, तरी तेव्हाही बऱ्याच जणांचं अडलं. आमच्याकडे निदान एक ऑडिट पार पडेपर्यंत जुना रिपोर्ट काढत नाही. 'लवकरच बंद होणार' या गटात तीन गोष्टी सांगा: काय बंद होणार, कोणत्या व्हर्जनला, आणि त्याऐवजी काय वापरायचं. 'त्याऐवजी' नसेल तर तेही स्पष्ट लिहा. प्रत्यक्ष काढाल तेव्हा 'काढून टाकलं' मध्ये परत नोंद करा, आधी सांगितलं होतं म्हणून गाळू नका.

१६. मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

जो वाचणार त्याच्या भाषेत. आमचा 'संस्थेसाठी' भाग मराठीत असतो आणि 'सर्व्हरसाठी' भागातही वाक्यं मराठीच, फक्त एरर मेसेज आणि सेटिंगची नावं स्क्रीनवर जशी येतात तशीच ठेवतो, कारण लोक तीच शोधतात. 'अद्ययावतीकरण' पेक्षा 'अपडेट' लिहा, 'मुद्रक' पेक्षा 'प्रिंटर'. फॅटला फॅटच म्हणा, कोणी खिडकीवर स्निग्धांश किती लागला असं विचारत नाही.

१७. आमचं सगळं वेबवर आहे, दिवसातून दोनदा बदलतं, व्हर्जन नंबरच नाही. मग?

तारखेने लिहा. प्रत्येक छोट्या बदलाची नोंद नको, पण ज्याने स्क्रीन, आकडा किंवा परवानगी बदलते ते त्या दिवशीच गेलं पाहिजे. वेबवर तर जास्त गरज आहे, कारण यूजरने अपडेटचं बटण दाबलेलंच नसतं, सकाळी उघडलं तर सगळं वेगळं.

टप्प्याटप्प्याने देत असाल, म्हणजे आधी २० संस्था मग बाकीच्या, तर नोंदीत 'हा बदल तुमच्याकडे अजून आला नसेल' असं लिहा आणि आपल्याकडे आलाय का ते कुठे बघायचं तेही सांगा. नाहीतर शेजारच्या गावात बटण आहे आणि आमच्याकडे का नाही म्हणून फोन येतात. आणि दिवस निवडताना भान ठेवा. दुधाची बिलं १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर अशी होतात, हिशोबाला हात लावणारा बदल आम्ही १, ११ किंवा २१ तारखेलाच लागू करतो, म्हणजे एका बिलात दोन नियम येत नाहीत.

१८. मी सॉफ्टवेअर बनवत नाही, नुसता सर्व्हर आणि कॉम्प्युटर सांभाळतो. मला लॉगची गरज आहे का?

तुम्हाला तर जास्त आहे. बनवणाऱ्याचा लॉग सांगतो की सॉफ्टवेअरमध्ये काय बदललं, पण तुमच्या मशीनवर काय बदललं ते फक्त तुम्हालाच माहीत असतं आणि तीन महिन्यांनी तुम्हालाही नसतं. साधी वही चालेल, शेअर केलेली शीट चालेल, लिनक्सवर असाल तर 'एटसीकीपर' कॉन्फिगच्या फाइली गिटमध्ये ठेवतो तोही जोडीला घ्या, पण तो कारण सांगत नाही, ते तुम्हाला लिहावं लागतं.

माझ्या एका ओळखीच्याच्या वहीतली नोंद अशी आहे: '२०२४-०८-१४, संध्याकाळी ८:४०, संकलन कॉम्प्युटर क्रमांक २. काट्याची यूएसबी-सिरियल वायर खराब, बदलली. कॉम पोर्ट ३ होता तो ५ झाला, सॉफ्टवेअरमध्येही ५ केला. २० किलोचं वजन ठेवून तपासलं, बरोबर. परत जुनी वायर लावली तर पोर्ट ३ करावा लागेल.' काय केलं, का केलं, कसं तपासलं, उलटं कसं फिरवायचं, सगळं आलं. दुसरा माणूस ड्युटीवर असला तरी पहाटे अडणार नाही.

पासवर्ड लॉगमध्ये कधीही लिहू नका, 'पासवर्ड बदलला, कोणी, कधी' एवढंच.

१९. अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधला 'एडिट लॉग' म्हणजे हाच का? आणि सर्ट-इनचा १८० दिवसांचा लॉग?

तिन्ही वेगळे, आणि यात फार गोंधळ होतो. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे की हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल पाहिजे, म्हणजे कोणत्या व्यवहारात कधी काय बदललं त्याची नोंद आपोआप व्हावी आणि ती बंद करता येऊ नये. तो तुमच्या डेटाचा इतिहास आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस जपायला सांगितलेत ते सिस्टिमचे लॉग, कोण कधी आत आलं वगैरे. चेंज लॉग हा सॉफ्टवेअरच्याच वागण्याचा इतिहास, तो माणूस लिहितो.

पण एकमेकांना लागतात. ऑडिटरला एडिट लॉगमध्ये दिसलं की एका रात्रीत ४०० नोंदी बदलल्या, तर ते माणसाने केलं की अपडेटने, हे चेंज लॉगमधूनच सिद्ध होतं. म्हणून अपडेट स्वतःहून जुन्या नोंदींना हात लावणार असेल तर ते 'अपडेट करण्याआधी वाचा' मध्ये टाका, प्रश्न ४ बघा.

२०. स्कॅनर म्हणतोय ओपनएसएसएच जुनं आहे, पण मी डेबियन अपडेट केलंय. कोणाचं खरं?

बहुतेक वेळा दोघांचंही. डेबियनसारखी लिनक्सची डिस्ट्रिब्युशन्स (तयार संच) स्थिर आवृत्तीत मूळ नंबर तोच ठेवून सुरक्षेची दुरुस्ती मागे आणून लावतात, सुरक्षा तपासणारा स्कॅनर मात्र नुसता नंबर बघतो. अशा वेळी पॅकेजचा स्वतःचा चेंज लॉग उघडा, 'एपीटी चेंजलॉग' आणि पॅकेजचं नाव, किंवा आरपीएमवाल्या सिस्टिमवर 'आरपीएम' च्या क्वेरीला 'चेंजलॉग' चा पर्याय जोडा. त्यात तो सीव्हीई नंबर सापडला तर दुरुस्ती लागलीय. ऑडिटला तीच ओळ दाखवता येते. डेबियनवर 'एपीटी-लिस्टचेंजेस' टाकून ठेवलं तर अपग्रेडच्या वेळीच महत्त्वाच्या बातम्या समोर येतात.

२१. मधली चार व्हर्जन सोडून एकदम नव्यावर जायचंय. काय काय वाचू?

मधल्या प्रत्येक व्हर्जनचं 'अपडेट करण्याआधी वाचा', 'बदललं' आणि 'काढून टाकलं', जुन्यापासून नव्याकडे. 'नवीन' सावकाश वाचलं तरी चालतं. लिहिणाऱ्यांनी याचा विचार करून लॉग एकाच पानावर सलग ठेवावा, प्रत्येक व्हर्जनची वेगळी पीडीएफ केली की शोधणं अवघड होतं.

२२. आत वापरलेली दुसऱ्याची लायब्ररी बदलली. ते लिहायचं का?

यूजरला फरक दिसत असेल तर दिसणारा फरक लिहा, लायब्ररीचं नाव नंतर. सुरक्षेसाठी बदलली असेल तर प्रश्न १२ प्रमाणे. यातलं काहीच नसेल तर 'सर्व्हरसाठी' भागात एक ओळ पुरे.

२३. एकाच संस्थेसाठी खास बदल करून दिला. तो सगळ्यांच्या लॉगमध्ये कसा टाकू?

तो बदल फक्त त्यांच्याकडे दिसणार असेल तर त्यांना वेगळी नोंद द्या आणि मूळ लॉगमध्ये संस्थेचं नाव टाकू नका. पण कोड सगळ्यांकडे जाऊन सेटिंगने बंद ठेवलेला असेल तर मूळ लॉगमध्ये 'नवीन सेटिंग, डिफॉल्ट बंद' असं लिहाच, कोणी ना कोणी ते चुकून चालू करतंच. २०२४ च्या सुरुवातीला गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं तेव्हा जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर टाकायचा रकाना आम्ही आधी काहींनाच दिला होता, महिनाभरात सगळ्यांना लागला. पहिली नोंद लिहिलेली होती म्हणून दुसऱ्यांदा शिकवावं लागलं नाही.

२४. सॉफ्टवेअर दहा वर्षं जुनं आहे आणि लॉग कधीच ठेवला नाही. आता सुरुवात कुठून?

आजच्या व्हर्जनपासून. मागची दहा वर्षं खणायला बसू नका, तिथेच दमून सोडून द्याल. फक्त सपोर्टवाल्याला विचारा की गेल्या वर्षभरात लोक 'हे आधी असं नव्हतं' म्हणून कशाकशाबद्दल फोन करत होते, आणि त्या पाच-सहा बदलांच्या नोंदी, व्हर्जन आठवत नसेल तर 'या व्हर्जनच्या आधी' असं लिहून, तळाशी टाका. आमच्या लॉगची सगळ्यात जुनी नोंद अशीच आहे: 'या व्हर्जनच्या आधी: काट्यावरचं वजन किलोत येतं, पावती लिटरमध्ये निघते, त्यासाठी १.०३ ने भागलं जातं. १०० किलोचे ९७.०९ लिटर.' नवीन लागलेल्या प्रत्येक क्लार्कला मी आधी तीच वाचायला सांगतो.